न फाटणारी पँट

"हे कपडे नाहीत," निशांतशेठ म्हणाला, "हे स्टेटमेंट आहे."

आम्ही चौघं बंद गिरणीच्या ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत होतो. एप्रिल महिना, संध्याकाळचे पाच वाजलेले, ओट्याची शहाबादी फरशी अजून बुडाला चटके देत होती, आणि हा गृहस्थ पांढऱ्या गाडीच्या डिकीतून जाडजूड काळे हुडी काढून आमच्यापुढे मांडत होता. त्या दिवशी सोलापुरात बेचाळीस होतं.

"आतून फ्लीस आहे," तो म्हणाला. "हात लावून बघा. एकदम ऊबदार."

"कुणासाठी?" प्राचीने विचारलं.

"तुमच्यासाठी."

"आमचं काय चुकलं?"

होट्या खिंकाळला. निशांतशेठही हसला, कारण आमच्यासारखी पोरं अशीच बोलतात असं त्याने कुठंतरी वाचलेलं असावं. त्याच्या आजोबांनी काढलेला आणि वडिलांनी वाढवलेला शाळेच्या गणवेशांचा मोठा कारखाना होता, होटगी रोडला लिफ्टचा बंगला होता, तो स्वतः दोन वर्षं परदेशात राहून नुकताच परत आला होता, आणि त्याने काढलेल्या नव्या ब्रँडचं नाव होतं 'बेवारस'. हुडीच्या छातीवर ते पांढऱ्या अक्षरांत छापलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, रस्ता हेच घर.

"बेवारस म्हणजे रेल्वे स्टेशनवर सापडतं ते का शेठ?" अज्जूने विचारलं.

"म्हणजे मोकळा. कुणाचा कुणावर हक्क नाही. तुमची जी व्हाइब आहे ना, तीच."

आमची व्हाइब काय आहे हे आम्हाला पहिल्यांदाच कळत होतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. अख्ख्या सोलापुरात स्केटबोर्ड चालवणारे आम्ही चौघंच. अजीम बागवान, आमचा अज्जू, म्होरक्या. पहाटे मार्केट यार्डात वडिलांच्या द्राक्षांच्या पेट्या उचलायचा आणि संध्याकाळी बोर्डावर असा उडायचा, की गिरणीचा वॉचमन तंबाखू मळायचं थांबवून बघत राहायचा. प्राची म्हेत्रे कॉलेजात सगळ्यांत हुशार आणि जिभेने सगळ्यांत तिखट. होट्या, म्हणजे चैतन्य होटगीकर, शेवटी जो बोलेल त्याच्याशी सहमत व्हायचा. आणि चौथा मी, रघुराम येमूल. आम्ही चौघंच असल्यामुळे खरा स्केटबोर्डवाला कोण आणि नकली कोण, हे ठरवायचा अधिकार आपोआप आमच्याकडे आला होता. तो आम्ही फार कडकपणे वापरायचो. वापरायला समोर कुणीच नव्हतं, हा भाग वेगळा.

आमच्यात एक रीत होती. कुणी नवीन बूट, नवीन पँट, काहीही नवीन आणलं की त्याचा मुहूर्त करायचा. म्हणजे ते अंगावर घालून ओट्याच्या सात पायऱ्यांवरून बोर्डासकट उडी मारायची आणि सगळ्यांसमोर पडायचं. कापड कुठंतरी फाटायचं, त्या फाटक्या जागेशेजारी बाकीचे तिघं मार्करने सही करायचे, तारीख घालायचे, आणि मग ती वस्तू तुमची. मुहूर्त न झालेली पँट घालून कुणी आला तर त्याला दिवसभर 'नवरदेव' म्हणायचे. आमच्या घरचे लोक फाटक्या पँटी बघून कपाळाला हात लावायचे, आणि आम्हाला ते पदक मिळाल्यासारखं वाटायचं.

"हुडी राहू द्या," अज्जू म्हणाला. "मरायचं असंल तर दुसरे मार्ग हायत. त्या खालच्या पिशवीत काय हाय?"

"पँट. पण ती अजून ट्रायलमध्ये आहे." निशांतशेठने चार पँटी काढून एकेकाच्या हातात दिल्या. धुरकट हिरव्या रंगाच्या, ढगळ. "आठ दिवस वापरा. रविवारी ऑफिसला या आणि खरं खरं सांगा. तुम्ही हो म्हणालात तर दोन हजार पीस काढतो. नाही म्हणालात तर पप्पांना सांगून ही लाइनच बंद करतो. तुमचा शब्द शेवटचा."

बाकीचे तिघं शब्द शेवटचा असल्याच्या आनंदात होते. मी पँट उलटी करून आतली शिवण बघितली आणि बघतच राहिलो. खिशाच्या कोपऱ्यावर टीप दोनदा मागेपुढे नेऊन दोऱ्याची गाठ आत लपवलेली होती. असा कोपरा मी जन्मापासून अंगावर वागवत आलो होतो.

"का बे, असं काय बघायलास?" अज्जू म्हणाला.

"काही नाही. माप बघतोय."

ती पँट माझ्या वडिलांनी शिवली होती. माझे वडील निशांतशेठच्याच कारखान्यात कटिंग मास्टर होते, आणि हे त्या तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. 'वडील टेक्स्टाइल लाइनमध्ये आहेत' एवढंच मी सांगून ठेवलं होतं. खोटं नव्हतं ते. पण ऐकणाऱ्याला वाटायचं, घरचे दोनचार लूम असतील.

घरी आलो तर वडील माझ्यासाठी जेवायचे थांबले होते. आमच्या तेलुगू घरांत वडिलांना नायना म्हणतात. नायना बोलायचे कमी, आणि माझ्या स्केटबोर्डबद्दल तर अजिबात बोलायचे नाहीत. पण जानेवारीत एकदा त्यांनी माझ्या खोलीतल्या खुंटीवरच्या पाच फाटक्या पँटी काढून जमिनीवर एकावर एक पसरल्या होत्या आणि मला विचारलं होतं, "तू सारखा उजव्या कुल्ल्यावरच का पडतोस?"

"हात वाचवायला."

"आणि तुझे मित्र?"

"तसेच. फक्त अज्जू डावीकडं पडतो. तो उलटा पाय पुढं ठेवून चालवतो."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. कुठं किती इंचावर फाटतं, आधी कापड जातं की शिवण, सगळं. मी म्हणालो, हे कशाला? तर म्हणाले, बघू. म्हातारपणी माणसाला कशाचा नाद लागेल सांगता येत नाही, असं मला वाटलं होतं.

आता कळलं कशाला ते. शाळांच्या गणवेशाचं काम बाहेरगावच्या मोठ्या कंपनीकडे गेलं होतं. तिथं कापड मशीन कापायचं. जूनपासून कटिंगचा हॉल बंद होणार होता. अकरा कटर आधीच घरी बसले होते. थोरल्या शेठने नायनांना सांगितलं होतं, आमच्या निशांतने काहीतरी नवीन काढलंय, ते चाललं तर मास्टर म्हणून तुम्ही राहाल, नाही चाललं तर माझाही नाइलाज आहे. नायना चौपन्न वर्षांचे होते. एकतीस वर्षं त्यांनी फक्त कापड कापलं-शिवलं होतं आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

"पोरं काय म्हणाली?" त्यांनी ताटावर बसता बसता विचारलं.

"अजून घातली नाही."

"माझं नाव सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नको. त्यांना खरं बोलू दे. तोंडदेखलं बोलले तर उपयोग काय?"

मला हायसं वाटलं. जे मी लाजेपोटी लपवत होतो, तेच त्यांनी प्रामाणिकपणापोटी लपवायला सांगितलं होतं. असा योग क्वचित येतो, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त. पहिला मान अज्जूचा. तो पळत आला, बोर्ड सोडून सात पायऱ्यांवरून हवेत गेला आणि डाव्या अंगावर असा आदळला, की वॉचमन "आगं आई गं" म्हणाला. आम्ही मार्कर घेऊन धावलो. अज्जू उठला. धूळ झटकली. डावी मांडी बघितली, गुडघा बघितला, मागे हात नेऊन चाचपलं.

"फाटली नाय," तो म्हणाला.

"नीट बघ बे."

"बघितलं की. नाय फाटली."

मग प्राची पडली. मग मी. होट्या तर तीन वेळा पडला, तिसऱ्यांदा मुद्दाम. एकाचीही पँट फाटली नाही. त्याहून विचित्र म्हणजे कुणाच्याही गुडघ्यातून रक्त आलं नाही. आत गुडघ्याला आणि दोन्ही कुल्ल्यांना गणवेशाच्या जाड कापडाचं दुहेरी अस्तर होतं, बाहेरून दिसायचंही नाही. आसनात एक चौकोनी तुकडा जोडला होता, पाय कितीही फाकला तरी शिवण ताणायची नाही. आम्ही चौघं मार्करची टोपणं उघडून उभे राहिलो आणि सही कुठं करायची हेच कुणाला कळेना.

"ही पँट हाय का ताडपत्री?" प्राची शेवटी म्हणाली.

त्यानंतरचे आठ दिवस आम्ही त्या पँटींचा सूड घेतला. होट्याने ती घालून स्वतःला स्कूटीमागे दोरीने ओढून घेतलं. प्राचीने गिरणीच्या गंजक्या कुंपणाच्या तारेवर घासली. अज्जू रोज संध्याकाळी दहा दहा वेळा पडायचा. आणि या भानगडीत एक गोष्ट घडली, ती आमच्यापैकी कुणीच मोठ्याने बोललं नाही. शुक्रवारी अज्जू सात पायऱ्यांवरून उडून बोर्डावरच उतरला. दोन वर्षं त्याला जे जमलं नव्हतं ते जमलं. पडायची भीती नसलेला माणूस कसा उडतो, ते मी त्या दिवशी बघितलं. प्राचीने रेलिंगवरून घसरत जायचं धाडस केलं. मी स्वतः आयुष्यात इतका चांगला बोर्ड कधी चालवला नव्हता.

"प्रॅक्टिसचा परिणाम," अज्जू म्हणाला.

"अर्थात," होट्या म्हणाला.

गाढवाला गुळाची चव काय. फरक एवढाच, की आमच्यातल्या एका गाढवाला ती कळत होती आणि तो तोंड मिटून होता.

घरी नायना रोज विचारायचे, "काय म्हणाली पोरं?" आणि मी म्हणायचो, "रविवारी सांगणार आहेत."

रविवारी आम्ही ऑफिसात गेलो. एसी इतका होता, की पहिल्यांदाच त्या हुडींचा अर्थ लागला. भिंतीवर हार घातलेले आजोबा होते आणि टेबलावर चार उंच ग्लासांत कोल्ड कॉफी. निशांतशेठने बेल दाबली. "मास्टरना बोलवा. त्यांनाही ऐकू दे."

नायना आले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यात टेप, हातात वही आणि कानावर पेन्सिल. ते दाराशीच उभे राहिले. दुकानात आलेल्या कुठल्याही पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेन्सिल हातात घेतली.

"बोला," निशांतशेठ म्हणाला. "अजीम, तू सांग."

"मी शेवटी," अज्जू म्हणाला. तो नेहमीच शेवटी बोलायचा. म्होरक्याचा तोच मान.

प्राचीने कॉफीचा घोट घेतला. "कापड चांगलंय," ती म्हणाली आणि आमच्याकडे बघितलं. कुणाचीच मान हलली नाही, तशी ती सावरली. "म्हणजे, वाईट नाहीये. पण मला कपड्यातलं काय कळतं? रघूला विचारा. त्याचे वडील टेक्स्टाइलमध्ये हायत."

"अरे वा!" निशांतशेठ माझ्याकडे वळला. "कुठं असतात वडील?"

दार माझ्या डाव्या हाताला, सहा फुटांवर होतं. मी तिकडे बघितलं नाही.

"बाहेर," मी म्हणालो. "बाहेरगावी."

"मग तर तूच सांग. पँट कशी वाटली?"

आता हो म्हटलं की काम झालं, हे मला पक्कं माहीत होतं. चांगली आहे, मी घातलेल्यांत सगळ्यात चांगली आहे, अज्जू हिच्यामुळे सात पायऱ्या उतरला, एवढी तीन वाक्यं होती. पण तिघंही माझ्याकडे बघत होते. न फाटणाऱ्या पँटीचं कौतुक केलं तर त्याच संध्याकाळपासून मी जन्माचा नवरदेव होणार, हे मला दिसत होतं. आणि कौतुक करताना माझा आवाज जरा जरी वेगळा लागला असता तर प्राचीने विचारलं असतं, तुझा काय संबंध? मी घाबरलो. दुसरं कारण नाही.

"युनिफॉर्म वाटतोय," मी म्हणालो.

होट्या फिस्सकन हसला. प्राचीच्या नाकात कॉफी गेली. नायनांनी वहीत ते लिहून घेतलं. पेन्सिलीचा आवाज मला ऐकू आला.

"बरोबर हाय," अज्जू आता म्हणाला. "फाटत नाय शेठ. आठ दिवस जीव दिला. जी फाटत नाय ती आमची नाय."

"पण न फाटणं हे चांगलं असतं ना?" निशांतशेठ गोंधळून म्हणाला.

"शाळेत," प्राची म्हणाली.

निशांतशेठचे डोळे असे चमकले, की परदेशातली दोन वर्षं आत्ता वसूल झाली. "आलं लक्षात! म्हणजे तुम्हाला प्रवास दिसायला हवा. जखम दिसायला हवी. मास्टर, ऐकलंत? आतलं अस्तर सगळं काढून टाका. आणि गुडघ्याला फाडा."

"फाडू?" नायना म्हणाले.

"हो, दोन्ही गुडघ्यांना. आपण फाडूनच विकायची."

नायनांनी वहीचं पान उलटलं. "किती इंच?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. तो माझा हसण्याचा आवाज मला अजून आठवतो, आणि आठवला की मी जिथं असेन तिथं घसा खाकरतो.

त्या रात्री घरी नायना जेवले आणि वही उशाशी ठेवून झोपले. मला वाटलं होतं ओरडतील, निदान अम्मापाशी काही बोलतील. सोमवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत ते कारखान्यातून एक पँट घेऊन आले. अस्तर उसवलेलं होतं. म्हणाले, "घाल आणि स्टुलावर उभा राहा."

मी उभा राहिलो. ते खाली बसले. लहानपणी शाळेच्या चड्डीचं माप घ्यायला बसायचे तसेच.

"कुठं फाटतं, तू सांग," ते म्हणाले. "मला सवय नाही."

"नायना, ते मी उगाच..."

"वेळ नाही रघुराम. दोनला परत जायचंय. इथं?"

"थोडं बाहेरच्या अंगाला."

त्यांनी खडूने रेघ मारली. "आडवं का तिरकं?"

"तिरकं."

दुसरी रेघ मारली. मग दूर होऊन डोळे बारीक करून बघितलं, जणू लग्नाचा सूट बेतत होते. पँट काढून घेतली, फळीवर ठेवली आणि ब्लेड लावलं. एकतीस वर्षांच्या हाताला कापड सरळच कापायची सवय. ती फाटकी जागा इतकी नीट आली, की वाटावं तिथं खिसा बसवायचा आहे. त्यांनाही ते कळलं. त्यांनी कडा बोटांनी ओढून दोरे बाहेर काढले, विस्कटले, आणि मला दाखवलं.

"असं?"

"हां," मी म्हणालो. "असंच."

मला रडू येत होतं आणि मी स्टुलावर अर्ध्या चड्डीत उभा होतो. रडणाऱ्या माणसाचा आबही राहू नये अशी ती जागा होती.

फाटक्या पँटी आमच्या चौकडीने एका झटक्यात पास केल्या. "एकदम ओरिजिनल," प्राची म्हणाली. दुसऱ्याने ब्लेडने फाडलेलं ओरिजिनल कसं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. निशांतशेठने जुन्या चार पँटी परत मागितल्या, तर अज्जू म्हणाला हरवली, प्राची म्हणाली हरवली, आणि होट्या म्हणाला फाटली म्हणून फेकून दिली. त्यावर सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तेव्हा तोही म्हणाला, हरवली.

मेच्या शेवटी गिरणीच्या ओट्यावरच मोठा कार्यक्रम झाला. पायऱ्यांना काळा रंग, दोन्ही बाजूंना स्पीकर, कॉलेजची दोनशे पोरं मोबाइल वर धरून. अज्जू नवी फाटकी पँट घालून पळत आला, सात पायऱ्यांवरून उडाला, बोर्ड हवेतच सुटला आणि तो डाव्या गुडघ्यावर उतरला. गुडघा खडूच्या रेघेवरच उघडा होता. कातडं उलगडून पांढरं दिसलं आणि मग रक्त आलं ते थांबेना. मी आणि वॉचमनने त्याला उचललं. निशांतशेठचा चेहरा उतरला होता, पण अर्धा मिनिटच. मग त्याच्या हातातला मोबाइल टणटण वाजायला लागला. अज्जूला नऊ टाके पडले, आणि तो व्हिडिओ बघून दोन हजार पँटी चार दिवसांत संपल्या.

नायनांची नोकरी राहिली. आणखी पाच हजार पँटी निघाल्या, हाताखाली चार बायका आल्या, आणि रोज दीडशे पँटी ब्लेडने फाडायचं काम त्यांच्याकडे आलं. यशाचा म्हणून कारखान्यात छोटा समारंभ ठेवला, त्याला आम्हा चौघांना बोलावणं होतं. अज्जू पाय सरळ ठेवून पहिल्या रांगेत बसला. थोरल्या शेठने मास्टरना शाल दिली आणि निशांतशेठने त्यांच्या हातात माइक दिला. "दोन शब्द, मास्टर."

नायनांनी आयुष्यात माइक धरला नव्हता. त्यांनी तो टेपसारखा दोन्ही हातांत धरला.

"मला शिवायला येतं," ते म्हणाले. "फाडायला येत नव्हतं. कुठं फाडायचं ते माझ्या मुलानं दाखवलं. तो तिथं बसलाय, बघा. रघुराम. माझा थोरला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राची, होट्या आणि अज्जू, तिघांच्या माना माझ्याकडे वळल्या. टाळ्या संपल्या तरी त्या वळलेल्याच राहिल्या.

"ती पहिली पँट," अज्जू हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या बापानं शिवली होती?"

"हां."

"मग बोलला का नाहीस बे?"

"तुम्ही हसला असता."

"येडा हायस का? मी ती अजून घालतोय यार्डात. पेट्या उचलायला तसली पँट नाही दुसरी. हरवली म्हणून खोटं सांगितलं मी." त्याने टाके पडलेला पाय हाताने उचलून सरळ केला. "मी चांगली म्हणणारच होतो. तू युनिफॉर्म म्हणालास, सगळे हसले, मग मी कसा म्हणू?"

"माझी पण घरी हाय," प्राची म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

होट्याने नुसती मान हलवली. त्या एका दिवशी तो खरोखरच सहमत असावा.

मी बाहेर आलो. नायना शाल घडी करून मोपेडच्या हुकाला पिशवीत अडकवत होते. घरात आम्ही तेलुगूच बोलतो, त्यामुळे आजूबाजूला माणसं असूनही आम्ही दोघंच असल्यासारखं झालं.

"नायना," मी म्हणालो, "ती पहिली पँट चांगली होती. फार चांगली होती."

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "चांगली पँट कुठली हे पोरांना विचारायची वेळ अजून माझ्यावर आली नाही."

"मग त्या दिवशी माझ्यावर रागावला का नाहीत?"

"पँटीवरून कशाला रागावू? शेठला जे विकायचं ते मी कापतो." त्यांनी पिशवीची गाठ दोनदा ओढून बघितली. "पण शेठनं तुला विचारलं ना, वडील कुठं असतात म्हणून. मी तिथंच उभा होतो. मला वाटलं, नको सांगू म्हटलं असलं मी, तरी आता सांगेल."

तीच गाठ मग मी ओढून बघितली.

"बस मागं," ते म्हणाले. "अम्मा वाट बघत असेल."

मी बसलो. घर येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि मी त्यांच्या खांद्याला धरू की नको, हे ठरवत राहिलो.